एकरूप फर्मिऑनांचे प्रतिसममित तरंगफलन: दोन कणांपासून अनेक कणांपर्यंत

पुंजयामिकी शिकणाऱ्याला एका कणाचे गणित बहुधा सुरळीत जमते. पेटीतला कण, आवर्ती दोलक, हायड्रोजनचा अणू ही उदाहरणे सोडवून झाली की हेलियम समोर येतो. त्यात इलेक्ट्रॉन दोन असतात, आणि तिथे नुसते श्रोडिंगरचे समीकरण पुरे पडत नाही, कारण ते समीकरण पाळणारी पुष्कळ उत्तरे निसर्गात आढळतच नाहीत. कोणती उत्तरे ठेवायची आणि कोणती टाकायची हे ठरवणारी एक वेगळी अट लागते, ती म्हणजे प्रतिसममिती. ही अट पाळणारे तरंगफलन हाताने कसे उभे करायचे, ते या लेखात क्रमाने पाहू. एका कणाच्या अवस्था, स्पिनची जुजबी ओळख आणि दहावीला क्रेमरच्या पद्धतीत भेटलेला निश्चयक एवढे ठाऊक असले की पुरे. माझा आग्रह एकच आहे: सर्वसाधारण सूत्र पाठ करण्याआधी दोन आणि तीन कणांची मांडणी कागदावर पूर्ण करावी. या विषयातले जवळजवळ सगळे भौतिकशास्त्र त्या मोजक्या ओळींत दिसून येते.

पहिली पायरी: अट काय सांगते ते नेमके लिहून घ्या

अ, ब, क ही एका कणाच्या अवस्थांची नावे मानू. अवस्था म्हणताना तिच्यात स्थानावर अवलंबून असलेला भाग आणि स्पिन हे दोन्ही आले. अ(१) याचा अर्थ, पहिल्या क्रमांकाचे स्थान आणि पहिल्या क्रमांकाचा स्पिन घेतल्यावर मिळणारी अ या अवस्थेची किंमत. इथला १ हे कोणत्याही इलेक्ट्रॉनचे नाव नाही. तो तरंगफलनातल्या चलांच्या जागेचा क्रमांक आहे. नवख्यांचा बहुतेक गोंधळ या एका ठिकाणी होतो, म्हणून हे वाक्य वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला हरकत नाही.

दोन कणांच्या तरंगफलनाला त(१, २) म्हणू. दोन इलेक्ट्रॉनांमध्ये वस्तुमान, विद्युतभार किंवा स्पिन यांपैकी कशाचाही फरक नाही, आणि असा फरक दाखवणारा कोणताही प्रयोग नाही. म्हणून क्रमांकांची अदलाबदल केली तरी संभाव्यता घनता, म्हणजे त च्या निरपेक्ष किमतीचा वर्ग, तीच राहिली पाहिजे. अदलाबदल दोनदा केली की आपण मूळ जागी येतो, तेव्हा एका अदलाबदलीने त ला एक तर +१ ने गुणले जाते किंवा −१ ने. +१ आला तर तरंगफलन सममित, −१ आला तर प्रतिसममित. हॅमिल्टोनियन, म्हणजे एकूण ऊर्जेचा कारक, सर्व इलेक्ट्रॉनांना सारखेच वागवत असल्यामुळे आज प्रतिसममित असलेले तरंगफलन पुढे कधीही सममित होत नाही.

कोणत्या कणांना कोणते चिन्ह, याचे उत्तर स्पिनमध्ये आहे. स्पिन अर्धपूर्णांकी असलेले इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन हे फर्मिऑन, त्यांचे तरंगफलन प्रतिसममित. स्पिन पूर्णांकी असलेले फोटॉनसारखे कण बोसॉन, त्यांचे सममित. पाउलीने वर्जन तत्त्व, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा नियम, मांडले १९२५ मध्ये. त्या तत्त्वामागे तरंगफलनाची प्रतिसममिती आहे हे हायझेनबर्ग आणि डिरॅक यांनी १९२६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. स्पिन आणि सममिती यांचा संबंध सापेक्षतावादी क्षेत्रसिद्धान्तातून सिद्ध व्हायला मात्र फिअर्झ आणि पाउली यांच्या १९३९-४० मधल्या कामापर्यंत थांबावे लागले. साध्या पुंजयामिकीत हा नियम गृहीत धरावा लागतो. तिच्या आत राहून तो सिद्ध करू पाहण्यात वेळ घालवू नये.

दुसरी पायरी: दोन कणांची मांडणी करा आणि आकडे घालून पाहा

एक कण अ मध्ये आणि एक ब मध्ये असावा, अशी कल्पना करून प्रथम सरळ गुणाकार लिहावा: अ(१)ब(२). क्रमांक बदलले की तो ब(१)अ(२) होतो. हा मूळ गुणाकारही नाही आणि त्याचा ऋण गुणाकारही नाही, म्हणजे हे तरंगफलन इलेक्ट्रॉनांना चालणार नाही. आता त्यातून अदलाबदल केलेले पद वजा करा:

त(१, २) = [अ(१)ब(२) − ब(१)अ(२)] ÷ √२

क्रमांक बदलून पाहिले तर पहिले पद दुसऱ्याच्या जागी येते, दुसरे पहिल्याच्या, आणि संपूर्ण राशीचे चिन्ह उलटते. आता ब च्या जागी अ लिहा. दोन्ही पदे तंतोतंत एकच होतात आणि वजाबाकी शून्य येते. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हे वर्जन तत्त्व असे आपोआप हाती लागते. ते वेगळे लादावे लागत नाही.

√२ ने भागणे योग्य ठरते ते अ आणि ब परस्परलंब असतील आणि प्रत्येकाचे सामान्यीकरण झालेले असेल तेव्हाच. त्यांच्यात आच्छादन असेल, म्हणजे दोघींच्या गुणाकाराचे सर्व अवकाशावरचे संकलन शून्य नसेल, तर भाजक बदलतो. उदाहरणार्थ, दोन वास्तव अवस्थांचे आच्छादन ०.५ असेल तर २ × (१ − ०.२५) = १.५, म्हणून √१.५ ने भागावे लागते. रेणूंचे गणित करताना दोन वेगळ्या अणूंवरची ऑर्बिटले (एका इलेक्ट्रॉनच्या अवस्थांचे स्थानाचे भाग) घेतली की हा प्रसंग हमखास येतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एका मितीतला आवर्ती दोलक, सोयीची एकके, आणि एकाच दिशेने स्पिन असलेले दोन फर्मिऑन. स्पिन दोघांचा सारखा असल्याने स्थानाचाच भाग प्रतिसममित करायचा. तळाची अवस्था गाउसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचे e^(−क्ष²/२) हे फलन, असते आणि तिच्यावरची अवस्था म्हणजे तेच गाउसियन गुणिले क्ष. दोन्ही वरच्या सूत्रात घातल्या की स्थिरांकांची छाटाछाट होऊन एक सुटसुटीत राशी उरते: (क्ष२ − क्ष१) गुणिले दोन्ही चलांची गाउसियने, भागिले √π. तिच्यात किमती घालाव्यात. क्ष१ = ०, क्ष२ = १ असताना ०.३४२ मिळतात. क्ष१ = १, क्ष२ = ० असताना −०.३४२. दोन्ही १ असताना शून्य. क्ष१ = −१, क्ष२ = १ असताना ०.४१५. हेच वजाबाकीऐवजी बेरीज घेऊन, म्हणजे बोसॉनांसाठी केले तर चित्र उलटे होते: दोघे १ वर असताना ०.४१५ आणि समोरासमोरच्या −१ व १ या जागी शून्य.

आलेखकागदावर क्ष१ आडवा आणि क्ष२ उभा घेऊन ही किंमत रंगवली तर कर्णावर सगळीकडे शून्य, एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण असा पृष्ठभाग दिसतो. दोन कणांमधील अंतराच्या वर्गाची सरासरी काढली तर बोसॉनांसाठी १, ओळखता येण्याजोग्या वेगळ्या कणांसाठी २ आणि फर्मिऑनांसाठी ३ येते. हॅमिल्टोनियनमध्ये कणांमधील प्रतिकर्षणाचे एकही पद आपण घातलेले नाही, तरीही फर्मिऑन एकमेकांपासून लांब राहतात. याला बोलीत विनिमय बल म्हणतात, पण ते खरे बल नव्हे. मला हे उदाहरण संपूर्ण विषयात सर्वांत शिकवणारे वाटते, आणि ते अर्ध्या पानात मावते.

तिसरी पायरी: स्पिन वेगळा काढता येतो का ते तपासा

अदलाबदल करायची ती स्थान आणि स्पिन या दोहोंची एकत्र. नुसत्या स्थानांची अदलाबदल करून तरंगफलन प्रतिसममित नाही असा निष्कर्ष काढणे ही पुष्कळांकडून होणारी चूक आहे. दोन इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत स्थानाचा भाग आणि स्पिनचा भाग सुटे करता येतात. स्पिनच्या चार जोड्यांमधून तीन सममित अवस्था आणि एक प्रतिसममित अवस्था तयार होते. पहिल्या तिघींना ट्रिप्लेट म्हणतात आणि चौथीला सिंग्लेट. एकूण चिन्ह ऋण यायला हवे, म्हणून ट्रिप्लेटबरोबर स्थानाचा भाग प्रतिसममित आणि सिंग्लेटबरोबर सममित घ्यावा लागतो.

हेलियमच्या तळाच्या अवस्थेत दोन्ही इलेक्ट्रॉनांचे ऑर्बिटल १एस, म्हणजे स्थानाचा भाग सममितच असू शकतो, तेव्हा स्पिन सिंग्लेट असणे भाग आहे. एक इलेक्ट्रॉन २एस मध्ये उचलला की दोन्ही पर्याय खुले होतात, आणि त्यांच्या ऊर्जा वेगळ्या निघतात. तळापासून ट्रिप्लेट १९.८२ इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे, सिंग्लेट २०.६२ वर. सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा हा फरक स्पिनांच्या चुंबकीय आकर्षणामुळे येत असावा असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु चुंबकीय परिणाम त्यामानाने फार क्षीण असतात. तो फरक येतो प्रतिसममितीतून. तीच ऑर्बिटले घेऊन पहिल्या अंदाजात हिशेब केला तर ट्रिप्लेटमधले इलेक्ट्रॉन एका जागी येऊच शकत नाहीत, त्यांचे विद्युत प्रतिकर्षण कमी भरते आणि ऊर्जा खाली येते. अधिक अचूक गणितात ऑर्बिटलांचा आकारही बदलतो आणि केंद्रकाच्या आकर्षणाचा वाटा मोठा होतो, त्यामुळे या स्पष्टीकरणाला पहिला अंदाज एवढेच समजावे. हेलियमच्या वर्णपटात दोन वेगळे संच का दिसतात, हे जुने कोडे हायझेनबर्गने १९२६ मध्ये याच मार्गाने सोडवले.

चौथी पायरी: तिसरा कण आणा

तीन कण आले की वजाबाकीचे एक पद पुरत नाही. अ, ब, क या तीन अवस्था तीन क्रमांकांना वाटण्याचे सहा मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्गाचे चिन्ह ठरवावे लागते. मूळ क्रमापासून तो क्रम मिळवायला जितक्या जोडीच्या अदलाबदली लागतात ती संख्या सम असेल तर धन, विषम असेल तर ऋण:

अ(१)ब(२)क(३) + ब(१)क(२)अ(३) + क(१)अ(२)ब(३) − ब(१)अ(२)क(३) − अ(१)क(२)ब(३) − क(१)ब(२)अ(३), आणि सगळ्याला √६ ने भागावे.

पडताळा एकदा तरी हाताने घ्यावा. पहिल्या पदात १ आणि २ बदला. अ(२)ब(१)क(३) मिळते, म्हणजेच चौथे पद, आणि ते यादीत ऋण चिन्हाने आहे. उरलेल्या पाचही पदांना अशीच जोडीदार पदे सापडतात. हा विस्तार नीट पाहिला तर तो तीन ओळी आणि तीन स्तंभ असलेला निश्चयक आहे हे लक्षात येते: ओळी क्रमांकांच्या, स्तंभ अवस्थांचे. दोन ओळी बदलल्या की निश्चयकाचे चिन्ह बदलते, तीच प्रतिसममिती. दोन स्तंभ सारखे असले की निश्चयक शून्य होतो, तेच वर्जन तत्त्व. डिरॅकने १९२६ च्या निबंधात हे रूप वापरले होते, परंतु अणूंच्या वर्णपटांसाठी स्पिनसह त्याचा पद्धतशीर वापर स्लेटरने १९२९ मध्ये केला, म्हणून त्याला स्लेटर निश्चयक म्हणतात.

लिथियम घेऊन पाहू. तीनही इलेक्ट्रॉन १एस मध्ये बसवायचे म्हटले तर १एस पासून एका कणाच्या स्वतंत्र अवस्था दोनच तयार होतात, एक स्पिन वर असलेली आणि एक स्पिन खाली असलेली. तिसरा स्तंभ या दोघींचे कोणतेही मिश्रण घेतला तरी तो पहिल्या दोन स्तंभांवर अवलंबून राहतो आणि निश्चयक शून्य येतो. स्पिन तिरका धरून वाट काढू म्हटले तरी ती निघत नाही. म्हणून तिसऱ्या स्तंभात २एस घ्यावे लागते. लिथियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ५.३९ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात आणि दुसरा काढायला ७५.६ लागतात, रसायनशास्त्रात लिथियमची संयुजा १ का, याचे उत्तर या शून्य झालेल्या निश्चयकात आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना. दोन कणांसाठी जमलेली, स्थान एका कंसात आणि स्पिन दुसऱ्या कंसात ठेवण्याची सोय तीन कणांपासून सर्वसाधारणपणे राहत नाही. लिथियमच्या निश्चयकाचा विस्तार करून स्पिनचा एक समाईक घटक बाहेर काढता येतो का ते पाहावे; येत नाही. कारण स्पिन अर्धा असलेल्या तीन कणांची पूर्ण प्रतिसममित स्पिन-अवस्था अस्तित्वातच नाही: स्पिनचे पर्याय दोन आणि स्तंभ हवेत तीन.

पाचवी पायरी: निश्चयकाकडे नीट पाहा

एन कणांसाठी एन ओळी व एन स्तंभांचा निश्चयक लिहायचा आणि एन फॅक्टोरिअलच्या वर्गमुळाने भागायचे. लिहिणे सोपे आहे, विस्तार करणे नाही. दहा कणांना ३६,२८,८०० पदे येतात आणि वीस कणांना येणारी पदसंख्या एकोणीस अंकी आहे. संगणकावर कोणी विस्तार करत नाही. ओळींवर क्रिया करून निश्चयक त्रिकोणी रूपात आणायचा आणि कर्णावरच्या संख्यांचा गुणाकार करायचा. त्याचे कष्ट साधारण एन च्या घनाने वाढतात, म्हणजे वीस कणांना काही हजार क्रिया पुरतात. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिताना कोणत्याही दोन कणांची स्थाने आणि स्पिन अदलाबदल करून उत्तराचे फक्त चिन्ह बदलते का, ही चाचणी आधी लावावी. ती स्वस्त आहे आणि बहुतेक चुका तिथे उघड्या पडतात.

निश्चयकाचा आणखी एक गुण पाठ्यपुस्तकांत घाईने उरकला जातो. एका स्तंभात दुसऱ्या स्तंभाची पट मिळवली तरी निश्चयक बदलत नाही. दोलकातल्या तीन फर्मिऑनांसाठी तळाच्या तीन अवस्था घेतल्या तर तिसरीत क्ष चा वर्ग आणि एक स्थिरांक असतो. पहिल्या स्तंभाची योग्य पट मिळवून तो स्थिरांक नाहीसा करता येतो. उरतो तो वांदरमाँदचा निश्चयक (ज्याच्या स्तंभांत १, क्ष, क्ष चा वर्ग असे चढते घात असतात), आणि तरंगफलन निघते (क्ष२ − क्ष१)(क्ष३ − क्ष१)(क्ष३ − क्ष२) गुणिले गाउसियने. कितीही कण घेतले तरी हाच आकृतिबंध टिकतो. याचा अर्थ असा की स्तंभांत लिहिलेल्या अवस्था एकमेव नसतात. त्यांनी मिळून व्यापलेला अवकाश तेवढा निश्चित असतो. म्हणून, कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या ऑर्बिटलमध्ये आहे या प्रश्नातील पहिल्या "कोणता"ला जसा अर्थ नाही, तसा दुसऱ्या "कोणत्या"लाही या निश्चयकापुरता पक्का अर्थ नाही.

सहावी पायरी: निश्चयक हा पाया आहे, संपूर्ण इमारत नव्हे

प्रत्येक प्रतिसममित तरंगफलन हा एकच निश्चयक असतो, असे मानू नये. एका कणाच्या चार अवस्था घेऊन दोन कणांचे १६ गुणाकार करता येतात. त्यांतून ६ प्रतिसममित आणि १० सममित संयोग मिळतात. तीन कणांचे गुणाकार ६४ होतात, त्यांतून प्रतिसममित केवळ ४ आणि सममित २०. उरलेले ४० या दोहोंतही बसत नाहीत आणि निसर्गातल्या एकरूप इलेक्ट्रॉनांना त्यांचा उपयोग नसतो. इलेक्ट्रॉनांची खरी अवस्था म्हणजे अशा सर्व प्रतिसममित निश्चयकांची भारित बेरीज. बेरजेतले प्रत्येक पद अदलाबदलीला त्याच चिन्हाने उत्तर देते, म्हणून बेरीजही प्रतिसममित राहते.

एकाच निश्चयकावर भागवून त्यातली ऑर्बिटले शक्य तितकी चांगली निवडणे, याला हार्ट्री-फॉक पद्धत म्हणतात. हार्ट्रीने १९२८ मध्ये साधा गुणाकार वापरला होता. त्याला प्रतिसममितीची जोड १९३० मध्ये फॉक आणि स्लेटर यांनी दिली. हेलियमच्या तळाच्या अवस्थेसाठी या पद्धतीतून −७७.८७ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. बेरीज पूर्ण करत नेली तर ती −७९.०१ पर्यंत उतरते. मधल्या सुमारे १.१४ इलेक्ट्रॉन व्होल्टला सहसंबंध ऊर्जा म्हणतात. एका निश्चयकात सारखे स्पिन असलेले इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात, पण उलट स्पिन असलेल्यांना एकमेकांच्या जागेची काहीच खबर नसते, आणि हेलियममधले दोघे नेमके उलट स्पिनचे आहेत.

ही उणीव भरून काढण्याचा एक सुबक मार्ग म्हणजे निश्चयकाला सर्व क्रमांकांत सममित असलेल्या घटकाने गुणणे. सममित गुणिले प्रतिसममित म्हणजे प्रतिसममितच, त्यामुळे अट मोडत नाही आणि इलेक्ट्रॉन जवळ आल्यावर किंमत किती घटावी हे त्या घटकातून हवे तसे घडवता येते. यादृच्छिक नमुने घेऊन केल्या जाणाऱ्या क्वांटम माँटे कार्लो गणितांत हे स्लेटर-जॅस्ट्रो रूप सर्रास वापरले जाते.

कुठे प्रतिसममित करायचे आणि कुठे नाही

इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोघेही फर्मिऑन असले तरी ते परस्परांशी एकरूप नाहीत, म्हणून त्यांच्यात अदलाबदल करायची नाही. हायड्रोजनच्या रेणूत इलेक्ट्रॉन आपसांत आणि प्रोटॉन आपसांत, अशी दोनदा अट लावावी लागते. पुण्यातल्या प्रयोगशाळेतल्या एका अणूचे गणित करताना चंद्रावरचे इलेक्ट्रॉन विचारात घ्यायचे का, हा प्रश्नही नेहमी येतो. तत्त्वतः अट त्यांनाही लागू आहे. पण दोन अवस्थांचे आच्छादन जवळजवळ शून्य असेल तर अदलाबदलीची पदे कोणत्याही मोजमापात उमटत नाहीत, आणि सरळ गुणाकार वापरून तेच उत्तर येते.

संयुक्त कणांसाठी आतल्या फर्मिऑनांची संख्या मोजावी. हेलियम-४ च्या अणूत दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन आणि दोन इलेक्ट्रॉन, एकूण ६; संपूर्ण अणूंची अदलाबदल केली की सहा ऋण चिन्हे एकमेकांना खोडतात आणि अणू बोसॉन ठरतो. हेलियम-३ मध्ये एक न्यूट्रॉन कमी, म्हणून तो फर्मिऑन. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघे जुळे आहेत, पण हेलियम-४ सुमारे २.१७ केल्विनला अतिप्रवाही होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहू लागतो, तर हेलियम-३ ला त्यासाठी साधारण २.५ मिलिकेल्विनपर्यंत थंड करावे लागते आणि तेव्हाही आधी त्याच्या अणूंच्या जोड्या बनाव्या लागतात.

इथवर आल्यावर एक प्रगत उदाहरण सहज वाचता येईल. तीव्र चुंबकीय क्षेत्रात एका पातळ थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांसाठी १९८३ मध्ये लाफ्लिनने सुचवलेल्या तरंगफलनात प्रत्येक जोडीच्या स्थानांची वजाबाकी असते, आणि ती तिसऱ्या घातात. स्थान दोन मितींतले असल्याने ते एका संमिश्र संख्येने लिहितात. घात १ घेतला तर वांदरमाँदचाच निश्चयक मिळतो, म्हणजे सर्वांत खालची लँडाऊ पातळी (चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी) पूर्ण भरलेली. घात ३ घेतला तर पातळी एक-तृतीयांश भरते, आणि १९८२ मध्ये त्सुई, श्टर्मर व गोसार्ड यांना प्रयोगात आढळलेल्या अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणामाचे (हॉल रोध ठरावीक अपूर्णांकी पायऱ्यांवर स्थिरावण्याचे) स्पष्टीकरण मिळते. घात २ घेऊन पाहिले तर अदलाबदलीने चिन्ह बदलत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनांसाठी इथे विषम घातच चालतो.